गल्लीतून घुसणारी वाहतूक: गतिरोधक मागण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या कोथरूडमध्ये कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांना आतून जोडणारी बारा मीटर रुंदीची एक गल्ली. पाच सोसायट्या, एक प्राथमिक शाळा, एक दवाखाना, कोपऱ्यावर भाजीवाले. मेट्रोचं काम चालू असताना मुख्य रस्त्यावरची वाहनं या गल्लीतून जायला लागली. काम संपलं, पण वाहनं हटली नाहीत. फुटपाथ आहे, पण त्यावरून कोणी चालत नाही. गेल्या पावसाळ्यात एका आजींना दुचाकीची धडक बसली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता रहिवाशांनी दोन गतिरोधक आणि एकेरी वाहतूक मागणारा अर्ज सह्यांनिशी तयार ठेवला आहे. तो द्यावा की आणखी काही मागावं, असं विचारलं आहे.

रस्त्यांचे आराखडे आणि वाहतूक नियोजन हेच माझं काम आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. हा अर्ज आहे तसा देऊ नका. दोन्ही मागण्या मंजूर होतील अशाच आहेत, आणि अडचण तीच आहे.

आधी गतिरोधक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, मानकातला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने गाडी त्यावरून न आदळता जाते. तुमच्या गल्लीत बसेल तो असा नसेल. डांबरीकरणाची गाडी आलीच आहे तर उरलेल्या मालात हाताने थापलेला, जेमतेम अर्धा मीटर रुंद उंचवटा बसेल. त्याच्यापाशी गाडी जवळजवळ थांबते, मग चालक वैतागून ॲक्सिलरेटर दाबतो आणि पुढच्या पन्नास-साठ मीटरमध्ये गेलेला वेळ भरून काढतो. दुचाकीवाला गटाराच्या कडेच्या सपाट फटीतून निघून जातो, आणि म्हातारी माणसं नेमकी त्याच कडेने चालत असतात. रात्री पहिल्या मजल्यावर रिकाम्या टेम्पोच्या हौद्याचा आवाज येतो तो वेगळाच. वर्षभरात तुमच्याच सोसायटीतून गतिरोधक काढण्याचा अर्ज जातो, हे मी अनेक वस्त्यांमध्ये पाहिलं आहे.

एकेरी वाहतुकीचं त्याहून अवघड आहे. सध्या तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि समोरून कोणी आलं की एकाला मागे सरावं लागतं. रहिवाशांना त्याचा त्रास होतो हे खरं, पण गल्लीतला एकमेव ब्रेक आज तोच आहे. समोरून कोणी येणार नाही याची खात्री झाली की वेग वाढतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ एकेरी केली, तर आरपार जाणाऱ्यांना तुम्ही अधिकृत, विनाअडथळा मार्गच दिलात. शिवाय उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या राहणारच. आणि रस्ता ओलांडणारा माणूस एकेरी रस्त्यावर एकाच बाजूला बघतो.

म्हणून आधी ही वाहतूक कोणाची आहे ते शोधा. यासाठी सल्लागार लागत नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं उभी करा, सकाळी शाळेच्या वेळेत एक तास आणि संध्याकाळी साडेसहानंतर एक तास. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि घड्याळातली वेळ लिहायची. बाहेर पडणाऱ्यांचंही तसंच. घाईत लिहिणं जमत नसेल तर मोबाईलवर आकडे बोलून रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन उतरवा. मग दोन याद्या शेजारी ठेवा. जो नंबर एका टोकाने आला आणि तीन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाने गेला, तो आरपारवाला. जो आला आणि गेलाच नाही, तो इथला रहिवासी किंवा इथे काम असलेला. जो आला आणि पाच-दहा मिनिटांनी त्याच टोकाने परत गेला, तो बहुतेक शाळेत मूल सोडणारा. दुचाकी, चारचाकी, रिक्षा आणि टेम्पो वेगळे मोजा, कारण पुढचा प्रत्येक उपाय या चौघांवर वेगवेगळा चालतो.

हे करताना मनाची तयारी ठेवा. सकाळच्या गर्दीतला मोठा वाटा शाळेचा आणि तुमच्याच सोसायट्यांचा निघू शकतो. तसं असेल तर बाहेरच्यांना अडवून काही हाती लागणार नाही, आणि ते अर्ज देण्याआधी कळलेलं बरं.

दुसरी मोजणी वेगाची. रस्त्यावर खडूने तीस मीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. तीस मीटर ३.६ सेकंदांत पार केले तर वेग ताशी ३०, २.७ सेकंदांत केले तर ४०, आणि २.२ सेकंदांच्या आसपास ५०. मोकळ्या वेळी, म्हणजे दुपारी किंवा रात्री नऊनंतर, शंभर गाड्या मोजा. हातात स्टॉपवॉच आहे हे चालकाला दिसू देऊ नका, नाहीतर गल्लीभर सगळे सज्जन होतात. हे शंभर वेग चढत्या क्रमाने लावले की पंचाऐंशीवा आकडा आमच्या कामाचा, म्हणजे शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो. सरासरी सांगू नका. सरासरीत गर्दीतल्या कूर्मगती गाड्या मिसळतात आणि अधिकारी म्हणतो, वेग तर कमीच आहे.

गल्लीत वेग ताशी तीसच्या आतच का हवा, ते सांगतो. ताशी ३० ने येणाऱ्या चालकाला मूल दिसल्यावर प्रतिक्रियेला एक सेकंद लागला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १३ मीटरमध्ये उभी राहते. ताशी ५० ने येणारा त्या १३ मीटरमध्ये ब्रेकवर पायसुद्धा ठेवू शकलेला नसतो. त्याला थांबायला २८ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली असती तिथे दुसरी पूर्ण वेगाने आदळते. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. यातले अनेक जण हमरस्त्यांवर गेले हे खरं, पण गल्लीतल्या धडकेचं भौतिकशास्त्र वेगळं नसतं. शिवाय तुमच्या आजींसारखे अपघात बऱ्याचदा पोलिसांत नोंदलेच जात नाहीत. दुचाकीवाला माफी मागतो, घरचे लोक दवाखान्यात पळतात, प्रकरण तिथेच मिटतं. म्हणून गल्लीचा एक नकाशा काढून सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावा आणि ‘इथे पडलो’, ‘इथे थोडक्यात वाचलो’ अशा खुणा लोकांना करू द्या. दोन-तीन आठवड्यांत ठिपके दोन-तीन जागांवर गोळा झालेले दिसतील. माझा अंदाज: दोन्ही टोकांची वळणं आणि शाळेचं फाटक.

आता उपाय. आरपार वाहतूक खरोखरच मोठी निघाली, तर ती गल्लीतल्या गल्लीत हळू करून भागत नाही. गल्लीचा आरपार उपयोगच संपवावा लागतो. त्याची युक्ती सोपी आहे. मधल्या चौकापासून दोन्ही बाजूंना बाहेर जाणारी एकेरी करायची, म्हणजे अर्धी गल्ली कर्वे रस्त्याकडे बाहेर पडते आणि अर्धी पौड रस्त्याकडे. रहिवाशाला आत यायला मधल्या आडव्या गल्लीतून वाट राहते, बाहेर पडायला दोन वाटा असतात, पण एका मुख्य रस्त्यावरून दुसऱ्यावर सरळ जाता येत नाही. मोबाईलवरचा नकाशा हा रस्ता सुचवणंही बंद करतो, कारण सुचवण्याजोगा रस्ता उरत नाही. दुसरा पर्याय मधल्या चौकात तिरपा अडथळा टाकण्याचा: पायी माणूस, सायकल आणि व्हीलचेअर जाते, चारचाकीला वळावंच लागतं. बार्सिलोनाने २०१६ मध्ये पोब्लेनोउ भागात इमारतींच्या नऊ चौकोनी ठोकळ्यांची वस्ती अशीच मोकळी केली. तिथल्या योजना इकडे जशाच्या तशा उचलू नका, कारण तिथे दुचाकींचा असा लोंढा नाही.

दुचाकींबद्दल कोणी खोटी आशा दाखवत असेल तर ऐकू नका. व्हीलचेअर जायला साधारण नव्वद सेंटीमीटरची मोकळी जागा लागते आणि तेवढ्यातून स्कूटर सहज जाते. त्यामुळे अडथळ्याच्या खांबांमधून दुचाक्या जाणार, हे धरूनच चाला. युरोपात बससाठी मध्ये फट ठेवलेले चौकोनी गतिरोधक वापरतात. पुण्यात ती फट म्हणजे दुचाकींची खास लेन होईल. म्हणून दुचाकीसाठी रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा, कडेपासून कडेपर्यंतचा उंचवटाच लागतो. त्याचं उत्तम रूप म्हणजे उंच केलेलं क्रॉसिंग. आमच्यात त्याला टेबल टॉप म्हणतात.

टेबल टॉप म्हणजे फुटपाथच्या पातळीवर आणलेला सपाट पट्टा. माणूस खाली न उतरता सरळ चालत पलीकडे जातो आणि गाडीला चढून उतरावं लागतं. वर तीन-चार मीटरचा सपाट भाग, दोन्ही बाजूंना उतार, उंची दहा सेंटीमीटर. फुटपाथ पंधरा सेंटीमीटरचा असेल, आणि आयआरसीप्रमाणे त्याहून उंच असूच नये, तर कडेला पाच सेंटीमीटरचा फरक छोट्या रॅम्पने काढायचा. शाळेच्या फाटकासमोर एक, दवाखान्यासमोर एक, आणि दोन्ही टोकांना गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे एक-एक. टोकांची टेबलं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. मुख्य रस्त्याचा फुटपाथ गल्लीच्या तोंडावरून सलग गेला, की आत वळणाऱ्याला आपण कोणाच्या तरी घरात शिरतोय असं वाटतं. हा परिणाम ‘वाहने सावकाश चालवा’ची पाटी कधीच साधत नाही.

पावसाचं पाणी हा या टेबलाचा शत्रू. चढाच्या बाजूला पाणी साचलं की पहिल्याच पावसात लोक ते फोडायला लावतात, आणि त्यांचं चुकतही नाही. आराखड्यात टेबलाच्या अलीकडे, पाणी जिकडून येतं त्या बाजूला, दोन्ही कडांना पावसाळी चेंबर दाखवले आहेत का ते पाहा, आणि त्यांना जाळी आहे की नुसतं भोक, तेही पाहा. रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे हे गल्लीतल्या कोणाही जुन्या माणसाला माहीत असतं. आराखडा करणाऱ्याला बऱ्याचदा नसतं.

वळणांच्या कोपऱ्यांकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण तुमच्या आजींसाठी तेच निर्णायक आहेत. कोपऱ्याची गोलाई आठ-दहा मीटर त्रिज्येची असेल तर कार फारशी न थबकता वेगात आत घुसते. तीच चार-पाच मीटरवर आणली की पहिल्या गिअरवर यावं लागतं. कोपऱ्यावर फुटपाथ पार्किंगच्या रुंदीइतका पुढे आणला, तर नऊ मीटरचं ओलांडणं साडेपाच मीटरचं होतं. सावकाश चालणाऱ्या ज्येष्ठाचा वेग सेकंदाला एक मीटरच्याही आत असतो, म्हणजे रस्त्यावर उघड्यावर असण्याचे जवळजवळ चार सेकंद वाचतात. शिवाय कोपऱ्यावर गाडी लावायला जागाच उरत नाही, त्यामुळे वळणारा आणि ओलांडणारा एकमेकांना दिसतात. ‘कोपऱ्यावर नो पार्किंग’ची पाटी मागून मिळते, ती पाळली जात नाही. बाहेर आलेला फुटपाथ मात्र पाळावाच लागतो.

फुटपाथ आहे पण चालता येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा फेरीवाले नसून सोसायट्यांची फाटकं असतात. दर फाटकाशी फुटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. पाच सोसायट्यांना दोन-दोन फाटकं धरली तर दहा वेळा उतरायचं आणि दहा वेळा चढायचं. गुडघे दुखणारा माणूस पहिल्या दोन चढांनंतर रस्त्याने चालू लागतो. उपाय असा, की फुटपाथ फाटकासमोरही त्याच पातळीवर ठेवायचा आणि गाडीचा रॅम्प फक्त कडेच्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात करायचा. गाडी चढेल, तिला गुडघे नाहीत. रॅम्पचं फुटपाथवर आलेलं टाइल्सचं सुशोभीकरण आधी तुमच्याच सोसायट्यांनी काढावं लागेल. हे न करता महापालिकेकडे जाल तर अतिक्रमण विभागाची पहिली नोटीस तुम्हालाच येईल.

बारा मीटरच्या गल्लीत हे सगळं बसतं का? बसतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे फुटपाथ, त्यात निदान १.८ मीटर पूर्ण मोकळं, कारण आयआरसीची किमान अट तीच आहे. मध्ये साडेपाच मीटरचा रस्ता, त्यातून दोन गाड्या सावकाश एकमेकींना ओलांडतात. एका बाजूला दोन मीटरची पार्किंगची पट्टी. झाले साडेअकरा. उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये विजेचे खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी) आणि झाडं. पण हिशोब कागदावर जमला तरी गल्लीत अवघड आहे, कारण याचा अर्थ पार्किंगची एक बाजू कायमची गेली.

सोसायटीच्या बैठकीत याच मुद्द्यावर आवाज चढणार. पुण्यात पी-वन, पी-टू म्हणजे सम-विषम तारखांना बाजू बदलण्याची पद्धत सगळ्यांना ओळखीची आहे, पण फुटपाथ वाढवायचा असेल तर ती इथे चालणार नाही; पार्किंगची बाजू ठरलेलीच हवी. एक तोडगा आहे. पार्किंगची पट्टी सलग एकाच बाजूला न ठेवता दर साठ-सत्तर मीटरवर बाजू बदलायची. रस्त्याला आपोआप नागमोडी येते, सरळ नजर जात नाही आणि वेग उतरतो. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांना थोडी-थोडी जागा मिळते, त्यामुळे भांडणही विभागलं जातं. मात्र आधी प्रत्येक सोसायटीने आपल्या आवारातल्या पार्किंगमध्ये किती भंगार स्कूटर, जुनी कपाटं आणि वापरात नसलेल्या गाड्या आहेत ते पाहावं. सार्वजनिक रस्त्यावरची जागा ‘आमची’ म्हणून मागताना आपलं पार्किंग गोदाम झालेलं असलं, तर तो मुद्दा टिकत नाही. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं तेव्हा विरोध कसा उसळला होता ते आठवा, आणि ते अंमलात कितपत आलं तेही. राजकीय पक्षांना दोष देणं सोपं आहे. विरोध करणारे आपणच होतो.

शाळेपुरता उपाय वेगळा करा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास फाटकासमोरच्या शंभर मीटरमध्ये चारचाकी बंद. व्हॅन आणि रिक्षांना थांबायला शेजारच्या कमी गर्दीच्या रस्त्यावर ठरलेली जागा, तिथून मुलांना घोळक्याने चालत आणायचं. व्हॅनवाले काका याला लवकर तयार होतात, कारण गर्दीत अडकून त्यांचीच दुसरी फेरी चुकते. तक्रार येते ती एकेका मुलाला कारमधून फाटकापर्यंत आणणाऱ्या पालकांची. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. रहिवाशांच्या विनंतीला पालक दाद देत नाहीत. प्राथमिकच्या दोन गटांच्या वेळांत पंधरा मिनिटांचा फरक पाडता आला तर आणखी बरं, आणि त्याला खर्च शून्य.

भाजीवाल्यांना हटवा अशी मागणी अर्जात असेल तर ती काढून टाका, अशी माझी शिफारस आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे त्यांची जागा शहर फेरीवाला समितीमार्फत ठरते. नुसत्या हटाव मोहिमेने ते चार दिवसांत परत येतात आणि हातगाडी आणखी आतल्या बाजूला लावतात. बाहेर काढलेल्या कोपऱ्यावर, ओलांडण्याची वाट आणि १.८ मीटरची मोकळी पट्टी सोडून, त्यांना आखलेली जागा मिळाली तर तुमचंही काम होतं. खरी अडचण भाजी घेण्यासाठी स्कूटर चालू ठेवून रस्त्यात थांबणाऱ्या गिऱ्हाइकांची असते. कोपरा बाहेर आला की ती थांबायची जागाही जाते.

आता अर्ज कोणाकडे. इथे भल्याभल्यांचं घोंगडं भिजत पडतं. एकेरी, नो पार्किंग किंवा वाहनबंदीचा आदेश वाहतूक पोलीस उपायुक्त काढतात, मोटार वाहन कायद्याच्या ११५ आणि ११६ या कलमांखाली. सहसा तो प्रायोगिक तत्त्वावर असतो आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. फुटपाथ, टेबल, कोपरे हे महापालिकेच्या पथ विभागाचं काम. चेंबर मलनिस्सारणकडे, दिवे विद्युत विभागाकडे, टपऱ्या अतिक्रमणकडे, फीडर पिलर महावितरणचा. तुम्ही पोलिसांकडे गेलात की ते म्हणणार, आधी पथ विभाग काय करतोय ते पाहू. पथ विभाग म्हणणार, पोलिसांचा ना-हरकत दाखला आणा. म्हणून अर्जात पहिली मागणी एकच ठेवा: क्षेत्रीय कार्यालयाने वाहतूक शाखेसह संयुक्त पाहणी करावी आणि तिचं टिपण द्यावं. पाहणीला सकाळी शाळेच्या वेळीच बोलवा, दुपारी बाराला नको. दुपारी तुमची गल्ली सभ्य दिसते.

सोबत तुमची मोजणी, ठिपक्यांचा नकाशा आणि हाताने काढलेलं का होईना एक रेखाटन द्या. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण आणि रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ पासून आहेत. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ त्याच सुमारास झाले. तुम्ही मागताय ते महापालिकेच्या स्वतःच्या धोरणात आहे, हे एका वाक्यात लिहा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, त्याचाही उल्लेख करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८अ हे कलम मात्र पहिल्याच पत्रात घालू नका. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, असं ते कलम आहे. कनिष्ठ अभियंत्याला ते वाचून घाम फुटतो आणि फाईल कायदा विभागाकडे जाऊन बसते. तो अभियंता तुमचा मित्र व्हायला हवा, कारण रेखाटनाचं अंदाजपत्रकात रूपांतर तोच करणार.

मंजुरीची वाट पाहण्याआधी सहा आठवड्यांचा प्रयोग मागा. पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे बॅरिकेड, शंकू आणि रंग यांनी कोपरे आणि मधला अडथळा तात्पुरता उभा करता येतो. मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी सोडून वेळ निवडा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. पहिला आठवडा गोंधळाचा जातो. त्यात कोणाचा व्हिडिओ फिरला म्हणून प्रयोग गुंडाळू देऊ नका. अग्निशमन दलाला आणि दवाखान्याला रेखाटन आधीच दाखवा, रुग्णवाहिका कोणत्या टोकाने येईल ते ठरवा आणि तसं लिहून घ्या. ‘रुग्णवाहिका अडकेल’ हा आक्षेप येणारच, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

आणि शेजारच्या दोन समांतर गल्ल्यांची मोजणी प्रयोगाआधी आणि चौथ्या आठवड्यात करा, त्याच पद्धतीने. तुमची वाहनं तिकडे गेली तर तिथले लोक तुमच्या विरोधात अर्ज देतील आणि त्यांचं बरोबर असेल. खरं तर त्या गल्ल्यांतल्या सोसायट्यांना आत्ताच बैठकीला बोलवा; दोन मुख्य रस्त्यांमधला सगळा पट्टा एकत्र धरून आराखडा केला तरच हे टिकतं. सगळी वाहतूक शेजारी जाते असंही नाही. जगभरातल्या सत्तरएक ठिकाणांचा अभ्यास ब्रिटिश संशोधकांनी केला होता: रस्त्याची जागा कमी केल्यावर निम्म्या ठिकाणी अकरा टक्क्यांहून जास्त वाहतूक त्या परिसरातूनच नाहीशी झाली. काहींनी वेळ बदलली, काहींनी मुख्य रस्ता धरला, काहींनी ती फेरीच टाळली. तुमच्याकडे तर पौड रस्त्यावर मेट्रोचं स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथवर नीट चालता आलं तर काही फेऱ्या खरोखर गळतील.

पैशांसाठी नगरसेवकाच्या निधीखेरीज नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक हा मार्ग आहे. पुण्यात तो २००६ पासून चालू आहे आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. त्यात अख्ख्या गल्लीचं काम बसणार नाही, पण शाळेसमोरचं टेबल आणि दोन कोपरे ही सुटी कामं म्हणून बसू शकतात.

काम मंजूर झालं की माहिती अधिकारात पूर्वगणनपत्रकाची, म्हणजे कामाच्या बाबी आणि खर्चाच्या अंदाजाची, प्रत घ्या आणि तीन बाबी शोधा: डांबराआधी जुना थर खरवडण्याचं मिलिंग, टेबलांशेजारचे चेंबर आणि थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे रस्त्यावर तापवून लावायच्या टिकाऊ रंगाचे पट्टे. मिलिंग नसेल तर दर डांबरीकरणाला रस्ता वर येत जाऊन शेवटी फुटपाथइतका होतो आणि गाड्या त्यावर चढायला लागतात. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी एकजण टेप घेऊन तिथे उभा राहा. टेबल १० सेंटीमीटर, फुटपाथ १५ हून जास्त नाही, मोकळी रुंदी १.८ मीटर. मुकादमाला आकडे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साचा लावताना दोन सेंटीमीटर बदलणं त्याला पाच मिनिटांचं काम असतं.